आयटीआयची ट्रेड थिअरी मोबाइलवर द्यावी का?

फिटर_निदेशक, कुर्ला
द्यावी, आणि त्यातून सुटलेला वेळ वर्कशॉपला द्यावा. केंद्राच्या भारत स्किल्स पोर्टलवर नीमी या सरकारी संस्थेची पुस्तकं, प्रश्नसंच, व्हिडिओ फुकट आहेत. थिअरीचा पेपरही आता कॉम्प्युटरवरच होतो. फळ्यावर व्हर्नियर कॅलिपर काढून त्याचं ०.०२ मिमी लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वात लहान माप, शिकवताना मागच्या बाकावरून रेघाही दिसत नाहीत. मोबाइलवर मुलगा तीच आकृती मोठी करून हवी तितक्या वेळा बघतो.

वेल्डिंगवाला
सर, सुटलेला वेळ वर्कशॉपलाच मिळेल हे कशावरून? उद्या थिअरी मोबाइलवर आहे म्हणून निदेशकांची रिकामी पदंच भरली नाहीत तर? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शिकवणं ऑनलाइन झालं, पण हातात वेल्डिंगचा होल्डर आला नाही. वेल्डर ट्रेड मुळात एका वर्षाचा. रॉड आणि लोखंड यांच्यामधला विजेचा आर्क लांबला की आवाज बदलतो, स्पॅटर म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब उडतात. शेजारी उभे राहून निदेशक लगेच टोकतात, 'जवळ घे'. आमच्याकडे थिअरी त्या क्षणी शिकवली जाते. ती वेगळी काढून मोबाइलवर टाकता येत नाही.

गोवंडीची_ताई
आमच्या घरात स्मार्टफोन एकच, तो डिलिव्हरीसाठी बाबांकडे. ते रात्री अकराला येतात. मग दहा बाय दहाच्या खोलीत सगळे झोपलेले असताना भाऊ कुठे बसून व्हिडिओ बघणार? वर्गातला तास त्याच्या हक्काचा आहे, तो काढून घेऊ नका.

इलेक्ट्रिशियन_अप्रेंटिस
ताई, अडचण खरी आहे, पण त्यासाठी सोयच नाकारायची का? मोटर सुरू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरची आकृती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. कंपनीत पॅनेलसमोर उभं केलं तेव्हा कोणता कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) कधी सुटतो ते सांगता येईना. लोकलमध्ये व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला तेव्हा स्टार जोडणीत सुरुवातीचा लाइन करंट डेल्टा जोडणीच्या एक तृतीयांश का होतो ते उमगलं. मुलं फ्रिज दुरुस्तीचे व्हिडिओ स्वतःहून शोधतात, पोर्टलवर मात्र कुणी सांगितल्याशिवाय जात नाहीत. तिथलं बरंच काही इंग्रजीत, आणि बघितलं काय, न बघितलं काय, गुण तेवढेच.

फिटर_निदेशक, कुर्ला
ताईंचा मुद्दा मला मान्य आहे. संस्थेची कॉम्प्युटर लॅब संध्याकाळी उघडी ठेवा, तिथे बसलेला तास हजेरीत धरा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागतेच. पण माझी मागणी कायम आहे. फायलिंगला, म्हणजे कानशीने घासायला, मुलाला आज मिळतो त्याहून जास्त वेळ मिळालाच पाहिजे, त्याशिवाय जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, काटकोनात येत नाही.

वेल्डिंगवाला
लॅब उघडा, माझी ना नाही. पण आधी रिकामी पदं भरा, मग थिअरीचा तास हलवा. उलट्या क्रमाला माझा विरोध राहील.