नोकरी गेल्यावर कॉलेजकडे वाढीव मदत मागावी का?

मूळ मत (न्यू जर्सी)

अमेरिकेतील कॉलेजचे आर्थिक मदतीचे पत्र आले की आपल्याकडची बरीच कुटुंबे त्यातला आकडा अंतिम मानतात आणि उरलेली रक्कम कर्जाने कशी उभी करायची याच्या हिशेबाला लागतात. दरम्यान घरातल्या एकाची नोकरी गेली असली, तरी कॉलेजला ते कळवायचे त्यांच्या मनातच येत नाही, किंवा आले तरी "कशाला कोणापुढे हात पसरायचे" म्हणून विषय मिटवला जातो. माझ्या मते अशा वेळी अपील, म्हणजे मदत वाढवून देण्याची विनंती, न करणे ही मुलांवर लादलेली किंमत आहे, आणि ती लादण्याचा आपल्याला अधिकार नाही.

फाफ्सा या संघीय (केंद्र सरकारच्या) आर्थिक मदतीच्या अर्जात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरतात. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षासाठी २०२४ चे प्राप्तिकर विवरण पाहिले जाते, म्हणजे २०२४ मध्ये दोघांचे पगार चालू होते आणि २०२५ च्या अखेरीस एकाचा लेऑफ झाला, तर ते मदत ठरवणाऱ्या सूत्राला समजण्याचा मार्गच नाही. ही उणीव कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या कलम ४७९अ नुसार नोकरी जाणे, घटस्फोट, पालकाचा मृत्यू किंवा विम्याने न भरलेला मोठा वैद्यकीय खर्च अशा कारणांसाठी कॉलेजचा मदत अधिकारी कागदपत्रे तपासून त्या एका विद्यार्थ्यापुरते अर्जातील आकडे बदलू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या सुधारणांनंतर तर कोणत्याही कॉलेजला "आम्ही असे अर्ज घेतच नाही" असे सरसकट धोरण ठेवता येत नाही आणि ही सोय असल्याचे जाहीरपणे सांगावेही लागते.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या कुटुंबांना हे विशेष लागू आहे. नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला त्यांना जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजच्या अनामत रकमेची मुदतही येऊ शकते. मूल अमेरिकेत जन्मलेले असेल तर संघीय मदतीसाठी पालकांचा व्हिसा आड येत नाही. एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावरील मुलांना मात्र ती मदत नाही, त्यांना कॉलेजच्या स्वतःच्या निधीकडेच पाहावे लागते.

प्रतिसाद (शिकागो)

आपली माहिती बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. कायद्याने अधिकाऱ्याला विचार करण्याची मुभा दिली आहे, रक्कम वाढवण्याची सक्ती केलेली नाही. त्याचा निर्णय अंतिम असतो आणि त्याविरुद्ध संघीय शिक्षण खात्याकडेही दाद मागता येत नाही.

त्याहून मोठा आक्षेप न्यायाचा आहे. दोन चांगले पगार असलेल्या घरात एक पगार थांबला, तरी उरलेल्या उत्पन्नावर पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारे, परत न करावे लागणारे संघीय अनुदान) मिळण्याची शक्यता फारशी नसते. मग वाढीव रक्कम येते ती बहुधा कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून, आणि तो निधी मर्यादित असतो. उत्तम इंग्रजीत मुद्देसूद पत्र लिहू शकणारा अभियंता बाप तिथे पोहोचतो. गोदामात पाळ्या करणाऱ्या आईला असे पत्र लिहिता येते हेच माहीत नसते. वर्षानुवर्षे बचत करण्याची संधी आपल्याला मिळाली आहे, तेव्हा चार-सहा महिन्यांची अडचण आपण आपल्या गंगाजळीतून सोसली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद (फ्रीमाँट)

मी अपिलाच्या बाजूची आहे, पण ते अनेकदा ज्या पद्धतीने केले जाते त्याला माझा विरोध आहे. "अमुक कॉलेज इतके देत आहे, तुम्ही किती देता" हा मोलभाव परिस्थिती बदलल्याच्या अर्जात मिसळू नये. तसे केले की खरी अडचणही संशयास्पद दिसू लागते.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगते. नोकरी गेल्याच्या पत्रासोबत लोक शेवटची पगारपावती जोडतात. त्या पावतीत सेव्हरन्सची (नोकरी संपवताना कंपनीने दिलेल्या भरपाईची) एकरकमी रक्कम आणि शिल्लक रजेचे पैसे एकत्र आलेले असतात, त्यामुळे तो महिना वर्षातला सर्वांत मोठ्या कमाईचा दिसतो. पत्रात नियमित पगार किती होता, एकदाच मिळालेले पैसे किती आणि पुढील बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती येणार, हे तीन आकडे वेगळे मांडले नाहीत, तर वाचणाऱ्याला उत्पन्न वाढल्याचाच भास होईल. पुण्यात आजारी असलेल्या आजोबांच्या उपचारांसाठी पाठवलेले पैसेही फाफ्साच्या कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. ते बँकेच्या नोंदी आणि रुग्णालयाच्या बिलांसह पत्रातच लिहावे लागतात. धरायचे की नाही, हे अधिकारी ठरवतो.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

शिकागोच्या प्रतिसादातला गोदामातल्या आईचा मुद्दा मला बोचला, कारण तो खरा आहे. पण आपण गप्प राहिल्याने तिला एक डॉलरही जास्त मिळणार नाही. तिच्या मुलाच्या शाळेतील समुपदेशकाने, आपल्या महाराष्ट्र मंडळाने, शेजाऱ्यांनी ही सोय सांगितली तर मिळू शकेल. शिवाय तिच्या कुटुंबाला मिळू शकणारी पेल ग्रँट, जी सध्या वर्षाला कमाल ७,३९५ डॉलर आहे, ती संघीय सरकारकडून येते आणि माझ्या अर्जाने कमी होत नाही.

गंगाजळीबद्दल मात्र मतभेद कायम राहील. व्हिसा टांगणीला असलेल्या घराची बचत म्हणजे भाडे, आरोग्यविमा आणि वेळ आली तर सर्वांची परतीची तिकिटे. ती पहिल्याच वर्षाच्या शुल्कात रिकामी करा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

प्रतिसाद (शिकागो)

व्हिसाचा मुद्दा मान्य. मग अपील करणाऱ्याने एक बंधन स्वतःवर घालून घ्यावे: सत्र सुरू होण्याआधी नवी नोकरी लागली, तर विचारणा होण्याची वाट न पाहता कॉलेजला लेखी कळवावे, मग मंजूर रक्कम कमी झाली तरी चालेल. एवढे करण्याची तयारी असलेल्या कुटुंबाच्या अर्जाला माझा विरोध नाही. कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून होणाऱ्या वाटपाबद्दल मात्र माझे मत पूर्वीचेच आहे.