गटारीचं मटण बंड्याला बाधलं, दवाखाना उघडेपर्यंत काय करू?

कराडची_माई
आमचा बंड्या गावठी कुत्रा आहे, चार वर्षांचा, वजन १८ किलो. लसी सगळ्या झाल्यात. परवा गटारीला दिरांनी लाडानं उरलेला मटणाचा रस्सा, भात आणि हाडं त्याच्यापुढं ओतली. काल पहाटेपासून पातळ जुलाब सुरू आहेत, दोनदा उलटीही झाली. रक्त दिसत नाही. हाक मारली की शेपूट हलवतो, पण उठायचा कंटाळा करतोय. सासूबाई म्हणतात जायफळ उगाळून चाटवा. शेजारचे काका माणसांची जुलाब थांबवायची गोळी घेऊन आलेत. आज रविवार, दवाखाना बंद. उद्यापर्यंत घरी काय करता येईल?

पेठेतला_पंट्या
दहीभात द्या, मीठ-फोडणी काही नको. आमचा मोती नेहमी त्यावरच बरा होतो.

जुना_पशुधनवाला
ताई, मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नव्हे, त्यामुळे औषध सांगणार नाही. पण घरी थांबायचं की गाडी काढायची, हे आधी ठरवू.

बंड्याचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओलसर, बुळबुळीत लागली पाहिजे. बोट चिकटलं तर अंगातलं पाणी कमी झालंय. मग खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच खाली बसली पाहिजे. घरी थर्मामीटर असेल तर गुदद्वारात थोडं तेल लावून ताप बघा, आणि ते थर्मामीटर पुन्हा माणसांना वापरू नका. कुत्र्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून १०१ बघून घाबरू नका. नाक कोरडं की ओलं, यावरून काहीच कळत नाही.

गोळी परत करा. काही जातींच्या कुत्र्यांना ती मेंदूपर्यंत बाधते, आणि पोटातली घाण बाहेर पडायची ती आत अडते. पॅरासिटामॉल, ब्रुफेन तर अजिबात नको. जायफळ लहान मुलांना चाटवतात हे खरं, पण कुत्र्याला ते जास्त झालं तर थरथर सुटते, भ्रम होतो. सासूबाईंना माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेतो.

उलटी थांबेपर्यंत अन्न नको. मोठं, धडधाकट कुत्रं आठ-बारा तास उपाशी राहिलं तर बिघडत नाही, पाणी मात्र काढून घेऊ नका. एकदम वाडगंभर प्यायला तर पुन्हा ओकेल, म्हणून थोडं थोडं ठेवा. ओआरएसची पुडी त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा आणि तेही चाटून प्यायला द्या. गाईला नळकांड्यानं पाजतात तसं जबडा उघडून ओतणारे लोक मी पाहिलेत. ते पाणी फुफ्फुसात जातं आणि जुलाबाच्या जागी न्यूमोनिया होऊन बसतो.

उलटी थांबली की गुरगुट्या भात, त्यात उकडून बारीक केलेलं बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन. दोन वाट्या भाताला एक वाटी चिकन पुरे. लाल भोपळा उकडून चमचाभर घातला तर चांगलंच. एका वेळी मूठभर, दिवसातून चार-पाच वेळा. घरात उरलेलं मटणाचं अळणी सूप त्यात घालू नका, नावाला अळणी असलं तरी त्यात कांदा, लसूण, मीठ सगळं असतं. दहीही आज थांबवा, दुधाचं काही कुत्र्यांना पचत नाही.

हाडं गेलीत म्हणून हे नीट बघा. ओकायला येतं पण काही पडत नाही, पोट टम्म फुगलंय, कुंथतोय पण शी होत नाही, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर ठेवतोय, यातलं काहीही दिसलं तर रविवार बघू नका, खाजगी डॉक्टर गाठा. शेवटचं लक्षण तेलकट खाण्यानं स्वादुपिंड सुजल्याचंही असू शकतं.

कराडची_माई
काका, हिरडी गुलाबी आहे, ओलीही. कातडी लगेच बसली. ताप १०२. सकाळपासून उलटी नाही. ओआरएस चाटलं, चेहरा वाकडा करून. जायफळाचं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांनी कधी जनावर पाळलंय का!

जुना_पशुधनवाला
सासूबाईंना नमस्कार सांगा. संध्याकाळी मूठभर भात द्या आणि रात्रभर बघा. जुलाब उद्याही तसेच राहिले तर डॉक्टरांना दाखवाच.

नवा_पालक_चिंचवड
मध्येच विचारतो. आमचं पिल्लू दोन महिन्यांचं, लस अजून द्यायचीय. तेही जुलाब करतंय, थोडं रक्त आहे, वास फार घाण येतोय. भात-चिकन चालेल का?

जुना_पशुधनवाला
नाही. धागा वाचत बसू नका, आत्ता निघा. बिनलसीच्या पिल्लाला रक्ताचे जुलाब म्हणजे आधी पार्वो या विषाणूच्या आजाराची शंका. पाणी आणि साखर झपाट्यानं उतरते, सलाईन लागतं. पिल्लाला उपाशीही ठेवायचं नसतं. दवाखान्यात आधी फोन करून शंका सांगा, म्हणजे ते इतर कुत्र्यांपासून वेगळं घेतील. घरातली फरशी ब्लीचनं पुसा, फिनेलला तो विषाणू जुमानत नाही.

कराडची_माई
सोमवार दुपार. बंड्याची शी घट्ट होतेय, भाताचं भांडं चाटून पुसून ठेवलं. नेहमीचं जेवण कधी सुरू करू?

जुना_पशुधनवाला
दोन दिवस हेच चालू द्या. मग रोजच्या खाण्याचा चौथा हिस्सा मिसळा आणि तीन-चार दिवसांत वाढवत न्या. आणि पोट बरं झालं तरी रस्स्यातला कांदा विसरू नका. तो शिजला तरी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि हे तीन ते पाच दिवसांनी दिसायला लागतं. एका वाढणीनं १८ किलोच्या कुत्र्याला बहुधा काही होणार नाही. तरी या शनिवारपर्यंत लघवीचा रंग बघा. कोऱ्या चहासारखी झाली किंवा हिरड्या फिक्या, पिवळट पडल्या तर रक्त तपासून घ्या. दिरांना म्हणावं, लघवी बघायचं काम तुमचं.