जिब्राल्टर स्पेनचं, मग सेउता मोरोक्कोचं का नाही?

दीपस्तंभ

युरोप आणि आफ्रिका यांच्यामधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी साधारण १४ किलोमीटर भरते. उत्तरेला जिब्राल्टर. पावणेसात चौरस किलोमीटरची जागा, १७०४ पासून ब्रिटिशांकडे, आणि स्पेन म्हणतो ती आमची. समोर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेउता आणि बरंच पूर्वेला मेलिया. ही दोन्ही शहरं स्पेनची, आणि मोरोक्को म्हणतो ती आमची. माद्रिद जो मुद्दा लंडनला ऐकवतं, तोच मुद्दा मोरोक्कोची राजधानी रबात माद्रिदला ऐकवते.

माझं म्हणणं सरळ आहे. जमीन कुणाच्या किनाऱ्याला चिकटलेली आहे हे नंतर बघा, आधी तिथे राहणाऱ्यांना विचारा. १९६७ मध्ये जिब्राल्टरमध्ये सार्वमत झालं: ब्रिटनच्या बाजूने १२,१३८ मतं, स्पेनच्या बाजूने ४४. ब्रिटन आणि स्पेन यांच्या संयुक्त सार्वभौमत्वाचा प्रस्ताव आला तेव्हा २००२ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि बाजूने फक्त १८७ मतं पडली.

हे लोक इतके कडवे का झाले? जून १९६९ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोने सीमेवरचं फाटक बंद केलं, फोनही तोडले. एकाच घरातले लोक दोन बाजूंना अडकले. जाळीशी उभं राहून ओरडून बोलायचे, नवं बाळ झालं की डोक्यावर उचलून पलीकडच्या आजी-आजोबांना दाखवायचे. डिसेंबर १९८२ मध्ये पायी जाण्यापुरती वाट उघडली, पूर्ण वाहतूक १९८५ मध्ये. ज्याने तेरा वर्षं दार लावून घेतलं, त्याच्या घरात राहायला कोण जाईल?

मांडवी

पूर्ण असहमत. "राहणाऱ्यांना विचारा" म्हणताय, पण राहणारे कोण हे कुणी ठरवलं? १७०४ मध्ये अँग्लो-डच फौजेने गाव घेतलं तेव्हा जवळजवळ सगळे रहिवासी बाहेर पडले. जवळच सान रोके वसलं ते त्यांचंच. नगरपालिकेची कागदपत्रं, निशाण, सगळं सोबत नेलं. आजही सान रोके "जिब्राल्टर जिथे वास करतं ते" असं बिरुद लावतं. मूळ गाव बाहेर, नवी वस्ती आत, आणि अडीचशे वर्षांनी मतदान! संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६७ मध्येच ते सार्वमत आधीच्या ठरावांशी विसंगत ठरवलं होतं.

आणि गोव्याचं काय? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने १९५१ मध्ये घटना बदलून गोव्याला "सागरपार प्रांत" करून टाकलं होतं. वसाहत नाहीच, पोर्तुगालच आहे म्हणे. स्पेन सेउताबद्दल आज हेच म्हणतो. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य गोव्यात गेलं तेव्हा सार्वमत घेतलं होतं का? नाही. म्हणून ती मुक्ती चूक ठरते का?

दीपस्तंभ

मांडवी, गोव्याचा मुद्दा मला लागला, कारण त्यावर मी बराच विचार केलाय. सालाझारने कधी कुणाला मत देऊ दिलं? १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या. जिथे तोंड उघडलं की तुरुंग, तिथे मतपेटी नव्हती म्हणून मुक्तिलढा खोटा ठरत नाही.

पण पुढचं विसरू नका. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरण चौतीस हजारांच्या फरकाने हरलं. आपल्याकडच्या कितीतरी लोकांना ते मनापासून दुखलं, भाषा आणि नकाशा दोन्ही आपल्या बाजूने आहेत असं वाटत होतं. तरी कौल मानला. जिब्राल्टरचं सार्वमत त्याच वर्षी, सप्टेंबरात. गोव्याचा कौल मानायचा आणि तो का नाही?

खलाशी

सेउताबद्दल थोडं. पोर्तुगालने ते १४१५ मध्ये घेतलं. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून फुटला तेव्हा सेउता स्पेनकडे राहिलं, १६६८ च्या लिस्बन तहात त्यावर शिक्का बसला. मेलिया १४९७ पासून. दोन्हीकडचे लोक स्पेनच्या संसदेवर प्रतिनिधी पाठवतात. संयुक्त राष्ट्रांच्या अस्वशासित प्रदेशांच्या, म्हणजे वसाहतींच्या, यादीत जिब्राल्टर आहे, ही शहरं नाहीत. त्यामुळे "दोन्ही सारखंच" हे कायद्याने टिकत नाही.

मात्र "तेव्हा मोरोक्को नावाचा देश कुठे होता" हा स्पेनचा लाडका मुद्दा मला पटत नाही. सेउता मोरोक्कोतल्या फेझच्या मरिनी सुलतानांकडून घेतलं होतं. तिथे राज्य होतं, बंदर होतं, व्यापार होता.

ऋतुजा

ज्या तहात स्पेनने जिब्राल्टर ब्रिटनला दिलं, त्या उत्रेख्तच्या तहाचा (१७१३) दाखला दोन्ही बाजू देतात, पण सोयीपुरता. दहाव्या कलमात शहर, किल्ला, बंदर आणि तटबंदी दिली आहे. विमानतळ ज्या चिंचोळ्या पट्टीवर आहे ती कधी दिलीच नाही, हे स्पेनचं म्हणणं त्यावरच उभं आहे. ब्रिटनला जागा सोडायची झाली तर आधी स्पेनला विचारायचं, हेही त्यातच आहे. म्हणजे रहिवाशांनी उद्या स्वातंत्र्य मागितलं तरी वाट बंद. पण त्याच कलमात ज्यू आणि मूर लोकांना तिथे राहू देऊ नये असंही लिहिलंय. जिब्राल्टरमध्ये ज्यूंची वस्ती पिढ्यानपिढ्या आहे. ते वाक्य मेलं असेल तर बाकीची वाक्यं अजून जिवंत कशी?

नीलकंठ

दीपस्तंभ, तुमचं सूत्र जिथे वस्तीच नाही तिथे काय करणार? परेहिल बघा. मोरोक्कोच्या किनाऱ्यापासून दोनेकशे मीटरवरचा निर्मनुष्य खडक. जुलै २००२ मध्ये मोरोक्कोचे मूठभर शिपाई तिथे उतरले, सहा दिवसांनी स्पेनचे कमांडो हेलिकॉप्टरमधून आले. शेवटी अमेरिकेच्या कॉलिन पॉवेल यांनी मध्यस्थी केली आणि दोघांनीही खडक मोकळा सोडला.

पेन्यॉन दे वेलेस तर याहून विलक्षण. पूर्वी बेट होतं, १९३० च्या दशकात वादळाने वाळू साठून किनाऱ्याला जोडलं गेलं. आता तिथे नव्वद मीटरसुद्धा न भरणारी आंतरराष्ट्रीय सीमा आहे, आणि ती दाखवायला वाळूत एक निळी दोरी. पलीकडे स्पॅनिश सैनिक, अलीकडे मोरोक्कन मच्छीमारांच्या होड्या.

दीपस्तंभ

मान्य. नुसती सैन्याची चौकी असेल तिथे माझं सूत्र चालत नाही. हे खडक मोरोक्कोला द्यावेत असंच माझं मत आहे. सेउता-मेलियातल्या जवळपास पावणेदोन लाख लोकांबद्दल मात्र मी मागे हटत नाही.

मांडवी

त्या पावणेदोन लाखांबद्दलच बोलू. मेलियातल्या मोरोक्कन वंशाच्या अनेकांना, तिथेच जन्मलेल्यांनाही, नागरिकत्व नव्हतं. १९८५ च्या परदेशी नागरिक कायद्याविरुद्ध ते रस्त्यावर आले, त्यानंतर हळूहळू कागद मिळाले. म्हणजे मतदार कोण हे त्या वेळीही माद्रिदच ठरवत होतं.

आणि रोज ये-जा करणाऱ्यांचं काय? सेउताच्या सीमेवर बायका पाठीवर आपल्या वजनाहून जड गाठोडी बांधून, कंबरेत वाकून चालायच्या. अंगावर पेलवेल तेवढा माल वैयक्तिक सामान धरला जायचा, त्यावर जकात नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी माणसांनाच गाड्या केलं. चेंगराचेंगरीत बायका मेल्या. २०१९ मध्ये मोरोक्कोने हा मार्ग बंद केला, पुढच्या वर्षी साथीत सीमाच मिटली. मे २०२२ मध्ये उघडली तेव्हा सेउताजवळच्या तेतुआन या मोरोक्कन शहराच्या लोकांची बिनव्हिसा जाण्याची जुनी सवलत गेली होती. तुमच्या सार्वमतात या बायका कुठे बसतात?

खलाशी

मांडवींच्या या मुद्द्याला उत्तर सापडत नाही. त्यात भर: मे २०२१ मध्ये मोरोक्कोने पहारा सैल केला आणि दोन दिवसांत आठएक हजार लोक पोहत, बांधाला वळसा घालून सेउतात शिरले. कारण काय, तर पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी मोरोक्कोविरुद्ध लढणाऱ्या पोलिसारियो संघटनेच्या नेत्याला स्पेनने उपचारासाठी घेतलं होतं. त्या गर्दीत शाळकरी मुलं होती. माणसांचा असा वापर करणाऱ्या सरकारकडे शहर द्या, असं मी तरी म्हणू शकत नाही.

दीपस्तंभ

मांडवी, तुमच्या प्रश्नाने माझ्या मूळ मांडणीला भोक पाडलंय, हे कबूल. मतदान कुणाचं, हे मी गृहीत धरून चाललो होतो.

फक्त एक गोष्ट बघा. जिब्राल्टरमध्ये रोज पंधरा हजारांच्या आसपास लोक कामासाठी सीमा ओलांडतात, बहुतेक स्पेनमधून. जून २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघात जी राजकीय सहमती झाली ती मुख्यतः यांच्यासाठी: कुंपण काढायचं, तपासणी बंदरावर आणि विमानतळावर न्यायची. सार्वभौमत्वाचा दावा कुणीही सोडलेला नाही, तो बाजूला ठेवून हे ठरलं. तेतुआन आणि सेउता यांच्यात असं व्हावं यासाठी मोरोक्कोने दावा सोडायची अट कशाला हवी?

मांडवी

अट नकोच. पण जिब्राल्टरला हे मिळालं कारण दोन्ही बाजूंना श्रीमंत सरकारं बसली होती. तेतुआनच्या गाठोडेवाल्या बाईच्या बाजूने टेबलावर कोण बसणार, ते सांगा. मग मी तुमच्याशी सहमत होते.