मदत हवी आहे : डेट्रॉइट कोनी डॉगचा मीट सॉस एकजीव कसा करावा?

अबोली_नोव्ही
मुक्काम नोव्ही, मिशिगन. शनिवारी घरी पंचवीसेक माणसं आहेत, ४० कोनी डॉग (पावात डॉग म्हणजे सॉसेज, वर मीट सॉस) करायचे आहेत. अडतंय ते सॉसपाशी. कांदा-लसूण परतून त्यावर बीफचा खिमा घातला की गुठळ्या राहतात, वर चरबीचा तवंग येतो आणि पाव खालून भिजून फाटतो. डेट्रॉइट डाउनटाउनमधल्या लाफायेट किंवा अमेरिकन कोनी आयलंड या रेस्टॉरंटांत मिळतो तसा बारीक दाण्याचा, घट्टसर सॉस हवा आहे. चारपाच जण बीफ-पोर्क खात नाहीत, त्यांच्यासाठीही सुचवा.

पाटावरवंटा
पहिली पायरीच बदला. खिमा तापलेल्या भांड्यात पडला की त्यातली प्रथिनं आवळतात, दाणे एकमेकांना धरून बसतात. नंतर कालथ्याने कितीही कुटा, गुठळ्या पुरत्या मोडत नाहीत. म्हणून खिमा कच्चाच थंड पाण्यात कालवायचा.

एका डॉगला पाव कप, म्हणजे ६० मिली सॉस लागतो. ४० डॉगना अडीच लिटर धरा. त्यासाठी दीड किलो खिमा (२० टक्के चरबीचा) आणि १.८ लिटर गार पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात, गॅस न पेटवता, हाताने कुस्करत राहा. बोटांना एकही गोळा लागता कामा नये, सगळं पातळ लगद्यासारखं दिसलं पाहिजे. मग मध्यम आचेवर ठेवा आणि उकळी येईपर्यंत बुडातून ढवळत राहा. या वेळात लक्ष हटलं तर बूड लागतं आणि तो वास शेवटपर्यंत जात नाही.

उकळी आली की दोन मोठे कांदे किसून, सहा लसूण पाकळ्या वाटून, ३ मोठे चमचे अमेरिकन चिली पावडर, दीड मोठा चमचा पॅप्रिका, २ लहान चमचे जिरेपूड, १ लहान चमचा मिरपूड. मीठ आधी २ लहान चमचेच घाला, डॉग आणि मस्टर्ड दोन्ही खारट असतात. झाकण अर्धं उघडं ठेवून मंद आचेवर दोन तास.

तासाभराने तवंग काढून घ्या, पण फेकू नका. त्यातली ४ मोठे चमचे चरबी कढल्यात घेऊन ५० ग्रॅम मैदा बदामी होईपर्यंत भाजा, सॉसचे दोन डाव घालून घोटा आणि पातेल्यात परत ओता. पंधरा मिनिटं उकळलं की चरबी सॉसमध्ये धरून राहते, सुटी होऊन पावात उतरत नाही. पातेल्याच्या तळाशी डाव ओढा. वाट उमटून सावकाश बुजली की झालं.

राजमा नको. टोमॅटो नको. दालचिनी-ऑलस्पाइस ही सिनसिनाटीकडची चव आहे, इथे घालू नका.

उत्तरेचा_वारा
वरची कृती डेट्रॉइटच्या ओल्या सॉससाठी चोख आहे. दीड किलोतले ३०० ग्रॅम बीफ हार्ट (बीफचं हृदय) घ्या, खाटकाकडून बारीक जाळीतून दोनदा दळून. चव एकदम भरते. मिशिगनमधल्याच फ्लिंट शहराची कोनी मात्र वेगळी: तिथे बीफ हार्टचंच बारीक, कोरडं टॉपिंग असतं, रस्सा जवळजवळ नाहीच. त्याखाली केगल कंपनीचा व्हिएन्ना सॉसेज. पाव भिजण्याची फारच धास्ती असेल तर फ्लिंटची पद्धत बघा, पण लाफायेटची चव हवी असेल तर नाही चालणार.

अबोली_नोव्ही
घरात कांडप मिरचीचं लाल तिखट आहे, चिली पावडरऐवजी तेवढंच घालू का? आणि पाव मायक्रोवेव्हमध्ये गरम केले तर?

पाटावरवंटा
तेवढं तिखट घातलंत तर पाहुण्यांना खाता येणार नाही. अमेरिकन चिली पावडर म्हणजे सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो आणि लसूण यांचं मिश्रण. ३ मोठ्या चमच्यांच्या जागी दीड मोठा चमचा काश्मिरी मिरचीपूड, २ लहान चमचे जादा जिरेपूड, १ लहान चमचा ओरेगानो आणि १ लहान चमचा लसूण पावडर. गरम मसाला अजिबात नको, सॉसचा खिमा-पाव होतो.

मायक्रोवेव्हमधला पाव दोन मिनिटांत चिवट होतो. मोदकपात्र काढा. झाकणाला आतून कोरडं फडकं बांधा, म्हणजे थेंब पावावर पडणार नाहीत. पाव ४० ते ६० सेकंदच वाफवा आणि लगेच भरा. डॉग नॅचरल केसिंगचेच (आतड्याच्या सालीचे) घ्या, तव्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं फिरवत राहा. आच मोठी केली की साल फुटते आणि रस तव्यावर जातो. रचना अशी: पाव, डॉग, सॉस, त्यावर पिवळ्या मस्टर्डची एक रेघ, वर मूठभर बारीक चिरलेला पांढरा कांदा. कांदा धुतलात तर पूर्ण कोरडा करा.

सुगरणीचा_खोपा
बीफ न खाणाऱ्यांसाठी टर्की किंवा चिकन थाइजचा खिमा. ५०० ग्रॅमला ६०० मिली पाणी आणि ३ मोठे चमचे तेल, कारण त्यात चरबी कमी. पाऊण तास पुरे. मैदाही तेलातच भाजा. बकऱ्याचा खिमा घेणार असाल तर बारीक जाळीतून दोनदा काढून आणा, नाहीतर तंतू दाताखाली येतात. बीफची खोली येणार नाही, पण मस्टर्ड-कांद्याबरोबर छान लागतं. डॉगच्या पाकिटावरचा मजकूर वाचा, केगलच्या व्हिएन्नात पोर्क असतं. यांच्यासाठी तवा आणि डाव वेगळे ठेवा.

उत्तरेचा_वारा
सॉस शुक्रवारीच करा. पसरट ट्रेमध्ये ओतून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा, खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. सकाळी वर चरबीचा थर दिसला तर थोडा काढा, सगळा नाही. गॅसवर उकळी आणूनच स्लो कुकरमध्ये घाला, तो फक्त ६० अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवण्यासाठी. घट्ट झाला तर अर्धा कप उकळतं पाणी. उरलेला डब्यात भरून फ्रीझरमध्ये दोन महिने चांगला राहतो.