का-मी रणगाडा: पोंटून सोडल्यावर परत पाण्यात कसे जायचे?

महालकर
माझा पोरगा आठवीत आहे. दिवाळीपासून आम्ही दोघं दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी आरमाराच्या 'टाइप २ का-मी' उभयचर रणगाड्याचं हातभर लांबीचं मॉडेल बनवतोय. पीव्हीसी शीट कापली, सांधे एम-सीलने बुजवले. दोन्ही पोंटून (तरंगण्यासाठी पुढे-मागे लावायचे पोकळ डबे) लावून अंगणातल्या टाक्यात सोडलं तर मस्त तरंगलं. पुढचा काढला, तसं नाक खाली करून तळाला गेलं. पोरगा म्हणाला, "बाबा, किनाऱ्यावर पोंटून सोडले तर ते परत कसे येत असतील?" मला सांगता आलं नाही. शिवाय मी पाहिलेल्या युद्धातल्या बहुतेक फोटोंत पोंटूनच नाहीत. काऊन?

कामठीचा गार्ड
पोट्ट्याने बरोब्बर विचारलं जी. परत यायची सोयच नव्हती. पोंटून आतूनच सोडता येत, ते किनाऱ्यावर टाकायचे आणि पुढे लढायचं.

मी आपल्या सैन्याच्या गार्ड्स रेजिमेंटमध्ये बीएमपी-२ ही ट्रॅकवर चालणारी चिलखती गाडी चालवली. ती स्वतःच्या अंगावर तरंगते, ट्रॅक फिरवून ताशी सातेक किलोमीटर जाते. पाण्यात उतरण्याआधी पुढची फळी उभी करायची, पंप पाहायचा, तळाचे प्लग हाताने चाचपायचे. एका सरावात आमचा एक प्लग सैल राहिला. पाणी घोट्याला लागलं तेव्हा पोटात गोळा आला. पंपाने वाचवलं, आणि तो तर तलाव होता. का-मीतली पाच माणसं तर समुद्रात उतरायची!

का-मीचा पाया म्हणजे जपानी लष्कराचा टाइप ९५ हा-गो हा हलका रणगाडा. वजन पोंटूनसह साडेबारा टन, नुसतं साडेनऊ. पाण्यात मागचे दोन पंखे ढकलायचे, ताशी दहाएक किलोमीटर. झाकणांना रबर, इंजिनावर हवेसाठी उंच धुराडं. पोंटूनमध्ये वेगवेगळे कप्पे होते, म्हणजे एक गोळी लागली म्हणून सगळा भरू नये. पाचांत एक मेकॅनिक असायचा. मला त्या मेकॅनिकबद्दल फार वाटतं.

धरमपेठ_२
फोटोंचं कारण मला तारखांत दिसतं. गाडी १९४२ ची, बेटं जिंकण्यासाठी बनवलेली. ती पुरेशा संख्येने येईस्तोवर जपान बेटं राखायला बसला होता. मग पोंटून बाजूला ठेवून गाड्या बचावाला लावल्या, काही तर जमिनीत पुरून तोफेसारख्या. जून १९४४ मध्ये पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर त्या अमेरिकन फौजेसमोर आल्या, तेव्हा ३७ मिमी तोफ आणि पातळ पत्रा शर्मन रणगाड्यांपुढे टिकणारच नव्हता. एकूण १८० च्या आसपासच बनल्या. पॅसिफिकमधल्याच पलाऊ बेटांवर काही सांगाडे आजही आहेत.

महालकर
पोराला वाचून दाखवलं. तो आता पोंटूनला आतून कप्पे करतोय. गार्डसाहेब, इंजिनावरचं धुराडं आम्ही लावलंच नव्हतं, आज लावतो.

कामठीचा गार्ड
लावाच. आणि टाक्यात सोडण्याआधी तळाचे सांधे त्यालाच चाचपू द्या, दोनदा.