मदत हवी आहे: उपजिल्हा रुग्णालयात मानसिक रुग्ण दाखल करून घेत नाहीत

भाऊ, वय 34, बायपोलर (मन कधी अती चढतं, कधी खचतं तो आजार). त्यावरची लिथियमची गोळी महिनाभर बंद. चार रात्री झोप नाही, अखंड बडबड, अडवलं की अंगावर धावतो. जवळ 50 खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, पण मानसोपचारतज्ज्ञ रोज नसतात. 'रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्या' म्हणतात. तो सही करणार नाही. इथे काहीच होणार नाही का?

प्रतिसाद 1
होतं, ताई. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 94 दाखवा. स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. भावाची सही नसली तरी जवळचे नातेवाईक म्हणून तुमची संमती चालते. तपासणीसाठी मनोरुग्णालयात पोहोचवणंही याच कलमात बसतं, तेव्हा 108 मागा. विजेचे शॉक (ईसीटी) मात्र या कलमाखाली देता येत नाहीत.

72 तासांपुढे दाखल ठेवायचं असेल तर कलम 89: दोघांनी स्वतंत्र तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत 30 दिवसांपर्यंत.

प्रतिसाद 2
कायद्याइतकंच महत्त्वाचं, हा मेनियाच (बायपोलरमधला अती चढलेला काळ) आहे ना ते आधी पाहायला सांगा. साखर, ताप, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉईड, ईसीजी. दारू पीत असेल तर शेवटचा पेला कधी घेतला ते नक्की सांगा. बंद केल्यावर दोन-चार दिवसांत हातांची थरथर आणि भ्रम सुरू झाला, तर उपचार वेगळे. तेव्हा ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (व्हिटॅमिन बी1) हवं.

लिथियमचा गुण यायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून सुरुवातीला दुसरी औषधं देतात. शांत करणाऱ्या ओलान्झापीन आणि लोराझेपॅमची इंजेक्शनं एकदम नकोत, श्वास मंदावतो. क्रिएटिनिन न पाहता लिथियम पूर्वीच्याच डोसने सुरू करू नये. लिथियमची रक्तातली पातळी साधारण पाच-सात दिवसांनी, शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी काढतात. सकाळची गोळी देऊन रक्त घेतलं तर आकडा फसवा येतो. आणि अंगदुखीला डायक्लोफिनॅक नको हे वॉर्डात ठळक लिहून घ्या. त्याने लिथियमची पातळी चढते, आणि लहान दवाखान्यात ते इंजेक्शन सवयीनेच दिलं जातं.

धागाकर्ती
बांधून ठेवतील का?

प्रतिसाद 1
साखळीला बंदी आहे. बांधायचं ते दुसरा उपाय नसेल तेव्हाच, तेवढ्याच वेळापुरतं. कारण केसपेपरवर हवं आणि जवळच्या माणसाला 24 तासांत कळवायचं. तुम्ही शेजारी बसलात तर बहुतेकदा वेळच येत नाही.

निघताना गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि जुना डिस्चार्ज कागद घ्या. रात्री अडलात तर सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस 14416, मराठीतून बोलतात.