कॉट बेसिसवर खोली द्यावी का?
मुलगा शिकायला बाहेर गेला, रिकामी खोली कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेपुरतं भाडं घेऊन, द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही कोथरूडला दिली होती, दोन मुलींना, चार वर्षं. एकच सांगते, भाड्याचे पैसे घरखर्चात मिसळू देऊ नका, थेट गृहकर्जाच्या मुद्दलात भरा. ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं अशा कर्जाचा हप्ता साधारण २६,००० बसतो. दरवर्षी असा एक जादा हप्ता गेला तरी साडेतीन वर्षं वाचतात. बँक विचारेल, हप्ता कमी करू की मुदत? मुदतच म्हणा. फ्लोटिंग, म्हणजे बदलता, व्याजदर असेल तर असे आधी पैसे भरल्याबद्दल दंड नाही. पोलीस पडताळणी मात्र टाळू नका. काटकसर अंगवळणी पडते हो, भांडणं होतात ती सकाळी गीझरवरून!